तीन लिटरचा नायट्रोजन जार आणि त्याची फायबरची मान

दीड वर्षापूर्वी मी आणि माझ्या पुतण्याने निम्मे-निम्मे पैसे घालून द्रव नायट्रोजन साठवण्याचा तीन लिटरचा जार विकत घेतला. पुतण्या मंगळवेढा तालुक्यात गाई-म्हशींच्या कृत्रिम रेतनाचे काम करतो. मी सोलापुरातील एका महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवून निवृत्त झालो आहे आणि जुळे सोलापुरातील घरी अधूनमधून मुलांना प्रयोग करून दाखवतो. त्याला पंढरपुरी म्हशींच्या रेतमात्रा उणे १९६ अंशांत सुरक्षित ठेवायच्या असतात, मला त्याच तापमानात रबराची नळी, केळे आणि काचेच्या कांड्या बुडवून पाहायच्या असतात. एकाच वस्तूचे इतके वेगळे दोन गिऱ्हाईक क्वचितच असतील, म्हणून दोघांच्याही अनुभवावरून हे परीक्षण लिहीत आहे. जार कोणत्या कंपनीचा आहे हे मुद्दाम सांगत नाही, कारण या आकाराचे बाजारातील बहुतेक जार बांधणीने सारखेच असतात आणि मला जे सांगायचे आहे ते त्या बांधणीविषयीच आहे. दुकानदार लिटर दाखवून जार विकतो. घेणाऱ्याने मान पाहून घ्यावा.

जार म्हणजे एकात एक बसवलेली ॲल्युमिनियमची दोन भांडी. दोन्हींच्या मधली हवा काढून टाकलेली असते आणि त्या पोकळीत चकचकीत पत्र्यासारख्या पातळ पापुद्र्यांचे थरावर थर गुंडाळलेले असतात, म्हणजे बाहेरच्या भांड्याची प्रारणाने येणारी उष्णता परतवली जाते. जेम्स ड्यूअर यांनी १८९२ मध्ये द्रवरूप वायू साठवण्यासाठी जे निर्वात भांडे केले, त्याचाच हा धाकटा वंशज. आपल्या घरातला चहाचा थर्मासही त्याच घराण्यातला. फरक इतकाच की थर्मासला नायट्रोजनइतके अवघड काम कोणी सांगत नाही. आतल्या भांड्याला खालून किंवा बाजूने कशाचाही टेकू नाही. ते केवळ मानेच्या नळीवर, विहिरीत सोडलेल्या घागरीसारखे लटकलेले असते, आणि ही नळी ॲल्युमिनियमची नसून फायबरची, म्हणजे काचेच्या धाग्यांना इपॉक्सी नावाची राळ पाजून घट्ट केलेल्या द्रव्याची असते. बाहेरची उष्णता घन पदार्थातून आत जाऊ शकेल असा रस्ता साऱ्या जारमध्ये हा एवढाच आहे.

माहितीपत्रकावर तीस दिवसांचा दावा छापलेला होता. शिक्षकाच्या सवयीने मी तो तपासायचे ठरवले. द्रवाची उंची काठी बुडवून मोजण्याची जी पद्धत आहे (लाकडी मोजपट्टी तळापर्यंत घालायची, काही सेकंदांनी बाहेर काढून हवेत हलवायची आणि दहिवर कुठपर्यंत धरले ते पाहायचे), ती शेतावर ठीक आहे, पण तिच्यात अर्धा सेंटिमीटर इकडचा तिकडे होतोच. म्हणून किराणा दुकानातला इलेक्ट्रॉनिक काटा आणला आणि रोज सकाळी सात वाजता जारचे वजन केले. एप्रिलअखेरीस, म्हणजे बाहेर पारा ४२ अंशांवर आणि पंख्याखालच्या खोलीत ३८ अंशांच्या आसपास असताना, जार दिवसाला सरासरी ९० ग्रॅम नायट्रोजन गमावत होता. डिसेंबरात तीच खोली २२ अंशांवर असताना हा आकडा ८१ ग्रॅम आला. तीन लिटर द्रव नायट्रोजनचे वजन साधारण २.४ किलो भरते, तेव्हा उन्हाळ्यात जार २७ दिवस टिकेल आणि हिवाळ्यात तीस. मधल्या काळात झाकण उघडले नाही तर छापील दावा थंडीत खरा ठरतो आणि सोलापूरच्या वैशाखात तीन दिवसांनी खोटा. इतका प्रामाणिक दावा मी फ्रिजच्या किंवा इन्व्हर्टरच्या बाबतीत अजून पाहिलेला नाही. पुतण्या रोज पाच-सहा वेळा झाकण उघडतो, त्याला मात्र हाच जार पंधरा-सोळा दिवस पुरतो, आणि त्याच्या व्यवसायातल्या माणसाने हिशेब त्याच आकड्याने करावा.

एक ग्रॅम द्रव नायट्रोजनची वाफ करायला सुमारे १९९ जूल उष्णता लागते. दिवसाला ९० ग्रॅम म्हणजे जारमध्ये क्षणाक्षणाला एका वॉटच्या पाचव्या भागाइतकी उष्णता शिरते. देवघरातला शून्याचा बल्बही याच्या कितीतरी पट उष्णता देतो. आता या पाचव्या भागातला मानेचा वाटा किती, हे मी मोजपट्टी आणि कागद घेऊन काढून पाहिले. मानेचा व्यास ५० मिलिमीटर, लांबी १५ सेंटिमीटरच्या आसपास, आणि भिंतीची जाडी एक मिलिमीटर धरली. फायबरची उष्णतावाहकता नायट्रोजनच्या आणि खोलीच्या तापमानांच्या दरम्यान सरासरीने मीटर-केल्विनमागे अर्धा वॉट घेतली. उत्तर ०.१२ वॉट आले, म्हणजे एकूण गळतीचा निम्म्याहून मोठा भाग. खरा आकडा याहून कमी असणार, कारण वर चढणारी थंड वाफ जाता जाता मानेची भिंत थंड करत जाते. पण हीच मान तेवढ्याच मापाची स्टेनलेस स्टीलची असती तर? स्टीलची सरासरी वाहकता याच पट्ट्यात बाराच्या आसपास असते. गळती एकट्या मानेतून तीन वॉटवर गेली असती आणि तीन लिटरचा जार दुसऱ्या दिवशी रात्री रिकामा झाला असता. ॲल्युमिनियमच्या मानेचे तर नावच नको.

इथे माहितीपत्रकाशी माझे पहिले भांडण आहे. त्यात एवढेच म्हटले आहे की काचतंतू उष्णतेचा मंदवाहक असल्यामुळे मान त्याची केली आहे. हे खोटे नाही, पण अपुरे आहे. खोलीच्या तापमानाला शुद्ध सिलिका काचेची वाहकता मीटर-केल्विनमागे १.४ वॉट आहे, आणि थर्माकोलची तिच्या चाळिसाव्या भागाइतकी. केवळ मंदवाहकच हवा असता तर थर्माकोल लावला असता. मानेला आतले भांडे, त्यातला द्रव आणि गाडीचे हादरे पेलायचे असतात, शिवाय निर्वात राखायचे असते, म्हणजे हवेचा एक रेणूही आत झिरपू द्यायचा नसतो. फायबर स्टीलच्या जवळपास जाणारी ताकद देते आणि वाहकता मात्र पंचविसाव्या भागाची ठेवते. याहून मोलाची गोष्ट पत्रकात आलीच नाही. मानेचे वरचे टोक खोलीच्या तापमानाला आणि खालचे उणे १९६ अंशांना असते, आणि जसजसे खाली जावे तसतशी तिची वाहकता आणखी घटत जाते. तळाशी ती वरच्या टोकाच्या जवळपास निम्मीच राहते. जिथे थंडी जास्त, तिथे दार अधिक घट्ट लागते. बहुतेक शुद्ध स्फटिकी पदार्थ याच्या नेमके उलटे वागतात. ते का, हे समजून घेतल्याशिवाय या जारची खरी किंमत कळत नाही, म्हणून थोडे खोलात जातो.

घन पदार्थातली उष्णता म्हणजे अणूंची कंपने. आपल्या पूर्वभागातल्या एखाद्या कारखान्यात जेकार्ड मागावर चादर चढलेली असते, तेव्हा ताण्याचे हजारो धागे एकसारख्या अंतरावर, एकसारख्या ताणाने उभे असतात. त्यांना एका टोकाला टिचकी मारली तर थरथर दुसऱ्या टोकापर्यंत जाते. स्फटिकातले अणू असेच नेमक्या घरांत बसलेले असतात आणि त्यांची कंपने लाटांच्या रूपाने लांबवर धावतात. या लाटांच्या ऊर्जेच्या पुड्यांना फोनॉन म्हणतात. त्याच कारखान्याच्या कोपऱ्यात कॉटन वेस्टचा ढीग पडलेला असतो, मशीन पुसायला नेतात तो. धागा तोच, सूत तेच. पण त्या ढिगातला एक धागा ओढून पाहा: आजूबाजूचे चार वेढे हलतात आणि ओढ तिथेच विरून जाते. काच म्हणजे अणूंचे कॉटन वेस्ट. शेजारच्या दोन-तीन अणूंपर्यंत तिच्यातही शिस्त असते, सिलिकॉनभोवती चार ऑक्सिजन ठरलेल्या अंतरावरच बसतात, परंतु त्यापुढे कोण कुठे आहे याला काही नियम उरत नाही.

उष्णता किती वाहील हे ढोबळमानाने तीन गोष्टींच्या गुणाकारावर ठरते: पदार्थ किती उष्णता धरून ठेवू शकतो, लाटेचा वेग किती, आणि लाट न अडखळता सरासरी किती अंतर जाते. या शेवटच्या अंतराला माध्य मुक्तपथ म्हणतात. तापमान उतरवत नेले की पहिली गोष्ट, विशिष्ट उष्णता, स्फटिकात आणि काचेत दोन्हीकडे घटते. स्फटिकात मात्र लाटांना अडवणाऱ्या मुख्यतः दुसऱ्या लाटाच असतात. थंडीत त्यांची गर्दी पांगते, मुक्तपथ झपाट्याने लांबतो आणि घटत्या विशिष्ट उष्णतेवर मात करून वाहकता वाढवत नेतो. या अडवणुकीचा नीट हिशेब रुडॉल्फ पायर्ल्स यांनी १९२९ मध्ये मांडला. काचेत गर्दी पांगून काही उपयोग नाही, कारण अडथळा गर्दीचा नसून रस्त्याचाच आहे. खोलीच्या तापमानाला तिच्यातला मुक्तपथ आधीच अणू-अणूंमधल्या अंतराइतका तोकडा असतो आणि थंडीतही बराच काळ तो फारसा लांबत नाही. मग वाहकता विशिष्ट उष्णतेच्या मागोमाग खालीच येते. आर्नोल्ड ऑइकेन यांनी १९११ मध्येच मोजून दाखवले होते की थंड करत गेल्यास स्फटिकांची वाहकता वाढते आणि काचेची घटते.

त्याच वर्षी आइन्स्टाइन यांनी घन पदार्थातल्या उष्णतेविषयी एक गणित मांडले. प्रत्येक अणू आपापल्या तालात डोलतो आणि अर्ध्या हेलकाव्याच्या आत आपली ऊर्जा शेजाऱ्याला देऊन टाकतो, अशी त्यांची कल्पना होती. स्फटिकांसाठी हे गणित साफ चुकले. उत्तर फार लहान आले आणि तापमानाबरोबर होणारा बदलही जुळला नाही. त्यांनी ते तिथेच सोडले. पुढे १९८०च्या दशकाच्या अखेरीस डेव्हिड केहिल आणि रॉबर्ट पोल यांनी तीच कल्पना थोडी दुरुस्त करून काचेला लावली आणि काही दशक केल्विनांच्या (केल्विन म्हणजे उणे २७३ अंशांपासून वर मोजलेले तापमान) वरच्या भागात ती सुरेख बसली. स्फटिकाच्या परीक्षेत नापास झालेले उत्तर काचेच्या परीक्षेत पास झाले. पेपर तपासण्यात आयुष्य गेलेल्या माणसाला ही गोष्ट जरा जास्तच आवडते. फिलिप ॲलन आणि जोसेफ फेल्डमन यांनी १९९०च्या आगेमागे याच चित्राला आणखी धार दिली: काचेतली बहुसंख्य कंपने ना लाटेसारखी धावतात, ना एका जागी अडकून पडतात, पाण्यात शाई पसरावी तशी त्यांची ऊर्जा मुंगीच्या पावलांनी पसरते. आमच्या जारच्या मानेत, ७७ ते ३१० केल्विनच्या दरम्यान, प्रामुख्याने हेच चाललेले असते.

एक आडवाट घेतो, कारण ती सोलापूरकरांच्या उपयोगाची आहे. जत्रेत आणि देवस्थानांच्या आवारात स्फटिकाच्या माळा मिळतात आणि स्फटिकाच्या नावाखाली पुष्कळदा काच गळ्यात पडते. खरा स्फटिक, म्हणजे क्वार्ट्झ, आणि सिलिका काच यांच्यातले अणू तेच, सिलिकॉन आणि ऑक्सिजन. फरक केवळ मांडणीचा. पण क्वार्ट्झची वाहकता खोलीच्या तापमानालाच दिशेनुसार ६ ते ११ असते, म्हणजे काचेच्या चौपट ते आठपट. माळ सावलीत ठेवून मणी गालाला लावावा. खरा स्फटिक थंडगार लागतो आणि बराच वेळ थंड राहतो, काचेचा मणी लगेच कोमट होतो. माझ्या पत्नीच्या माहेरून आलेल्या दोन माळांपैकी एक या परीक्षेत नापास झाली. कोणती, ते घरातल्या शांततेसाठी लिहीत नाही.

माझ्या प्रयोगांच्या दृष्टीने जारची कामगिरी उत्तम आहे. मुलांपुढे मी ३० सेंटिमीटरची एक तांब्याची आणि एक काचेची, दोन सारख्या जाडीच्या कांड्या घेतो आणि जारमधून थर्माकोलच्या पेल्यात ओतून घेतलेल्या नायट्रोजनमध्ये दोन्हींची टोके एकदम बुडवतो. (कांडी भरीव हवी, पोकळ नळी बुडवली तर आतला नायट्रोजन उकळून वरच्या तोंडातून कारंज्यासारखा उडतो.) तांब्याच्या कांडीवर दहिवर वर चढत जाताना डोळ्यांनी दिसते आणि दोन-तीन मिनिटांत वरचे टोक हातात धरवत नाही. काचेच्या कांडीवर ते द्रवाच्या पृष्ठभागापासून दोन बोटे वर येऊन थांबते. ‘सर, काचेला थंडी वाजत नाही का?’ असे आठवीतल्या एका मुलीने विचारले होते. तिला मी सांगितले की वाजते, पण ती शेजाऱ्याला सांगायला फार वेळ लावते. उत्तर अगदी शास्त्रशुद्ध नसले तरी तिला पटले. तांब्यात उष्णता मुख्यतः मोकळे इलेक्ट्रॉन नेतात, अणूंची कंपने नव्हेत, हे मात्र नंतर फळ्यावर सांगावेच लागते, नाहीतर तुलना फसवी होते. खरी तुलना क्वार्ट्झच्या कांडीशी व्हायला हवी आणि तेवढा लांब स्फटिक माझ्या पेन्शनीत बसत नाही.

नायट्रोजन आपल्याला ७७ केल्विनपर्यंत नेतो. त्याखालचे जग द्रव हेलियमचे, ४.२ केल्विनचे आणि त्याहूनही खालचे. तिथे हा जार उपयोगाचा नाही. काचेच्या गोष्टीचा सर्वांत रंजक भाग मात्र तिथेच आहे, आणि हेलियमच्या मोठ्या उपकरणांतही आतली भांडी अशाच फायबरच्या नळ्यांवर आणि पट्ट्यांवर पेललेली असतात, त्यामुळे विषय सुटत नाही. १९७१ मध्ये अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात झेलर आणि पोल यांनी काचांची वाहकता आणि विशिष्ट उष्णता एका केल्विनच्याही खाली मोजून प्रसिद्ध केली. काचेचा वाहकतेचा आलेख खाली येत येत दहा केल्विनच्या आसपास एका पठारावर थांबतो. तिथे सिलिका काचेची वाहकता मीटर-केल्विनमागे ०.१ वॉटच्या जवळ असते, तर त्याच तापमानाला क्वार्ट्झ आपल्या शिखराजवळ असतो आणि दोघांत हजारो पटींचे अंतर पडते. एक केल्विनच्या खाली काचेची वाहकता तापमानाच्या जवळपास वर्गाच्या प्रमाणात घटते. स्फटिकाची घनाच्या प्रमाणात घटते, कारण तिथे लाटा थेट नमुन्याच्या भिंतींवर जाऊनच आपटतात.

धक्का विशिष्ट उष्णतेने दिला. इतक्या कमी तापमानाला उरतात त्या फार लांब लाटा. त्यांना अणूंची विस्कळीत मांडणी दिसायलाच नको, जशी बैलगाडीला रस्त्यावरची वाळू जाणवत नाही. काचेने इथे तरी स्फटिकासारखे वागावे, विशिष्ट उष्णता तापमानाच्या घनाप्रमाणे घटावी, असा सर्वांचा अंदाज होता. प्रत्यक्षात ती जवळपास सरळ तापमानाच्याच प्रमाणात घटताना आढळली, म्हणजे स्फटिकात असायला हवी त्याहून कितीतरी जास्त उरली. एवढ्या थंडीत काचेत काहीतरी हलत होते आणि ते लाटांचे कंपन नव्हते. दुसऱ्याच वर्षी, १९७२ मध्ये, एकीकडे फिलिप अँडरसन, बर्ट्रंड हॅल्परिन आणि भारतीय वंशाचे चंद्रा वर्मा यांनी, आणि दुसरीकडे स्वतंत्रपणे डब्ल्यू. ए. फिलिप्स यांनी उत्तर सुचवले. काचेच्या विस्कळीत मांडणीत काही अणूंना किंवा अणूंच्या छोट्या गटांना बसायला जवळजवळ सारख्याच सोयीच्या दोन जागा असतात. मधला उंबरठा ओलांडण्याइतकी ऊर्जा थंडीत त्यांच्याजवळ नसते, तरी पुंजयामिकीच्या (क्वांटम मेकॅनिक्सच्या) नियमाने ते त्याच्या आरपार, बोगद्यातून गेल्यासारखे, या जागेतून त्या जागेत जातात. हे दुहेरी आसनांचे गट उष्णता पितात आणि लांब लाटांनाही अडवतात. विशिष्ट उष्णतेची सरळ रेषा आणि वाहकतेचा वर्ग दोन्ही यातून निघतात. पठाराच्या भागात मात्र आणखी एक भानगड आहे. साधारण एक टेराहर्ट्झच्या कंपनांची काचेत अपेक्षेपेक्षा जास्त गर्दी असते, तिला बोसॉन शिखर म्हणतात, आणि ही गर्दी नेमकी कशाची यावर पन्नास वर्षांनंतरही तज्ज्ञांचे एकमत झालेले नाही.

यातली जी गोष्ट मला आमच्या जारकडे परत आणते ती अशी की हे वर्तन फक्त खिडकीच्या काचेचे नाही. सिलिका असो, प्लास्टिक असो, गोठवलेले ग्लिसरीन असो की इपॉक्सी, एक केल्विनखालच्या लाटेला तिच्या स्वतःच्या लांबीच्या सुमारे दीडशेपट अंतर जाता येते, आणि इतक्या भिन्न पदार्थांत हा आकडा दोन-तीन पटींपलीकडे हलत नाही. रसायन वेगळे, बंध वेगळे, घडवण्याची रीत वेगळी, तरी अव्यवस्थेचा आकडा एकच. मानेच्या फायबरमधला काचेचा धागाही काच आणि त्याला धरून ठेवणारी इपॉक्सीही अणूंच्या हिशेबाने काचच. म्हणून कारखानदाराने धागा उभा घातला की आडवा, राळ कोणाची वापरली, याने ताकदीत फार फरक पडतो, उष्णतेच्या गळतीत त्यामानाने थोडा. दुकानदार जेव्हा ‘आमचे फायबर स्पेशल आहे’ असे सांगतो तेव्हा त्याला मानेची लांबी आणि भिंतीची जाडी विचारावी. अरुंद, लांब आणि पातळ भिंतीची मान असलेला दोन लिटरचा जार रुंद मानेच्या तीन लिटरच्या जारपेक्षा जास्त दिवस टिकू शकतो. माझ्या प्रयोगांना रुंद तोंड सोयीचे, पुतण्याच्या रेतमात्रा ठेवायच्या डब्यालाही (कॅनिस्टरला) ५० मिलिमीटर लागतेच, म्हणून आम्ही हाच आकार घेतला.

आता दोष. झाकणाखालचे फोमचे बूच दांड्यावरून चार महिन्यांत निसटले. बूच सैल बसणे योग्यच आहे, ते हवाबंद कधीही असू नये, कारण एक लिटर द्रवाचे जवळपास सातशे लिटर वायू होतात आणि त्यांना वाट हवी. पण सैल असणे वेगळे आणि गळून पडणे वेगळे. कॅनव्हासच्या पिशवीची शिवण पहिल्याच पावसाळ्यात उसवली. कुलपाची कडी गंजली. माहितीपत्रक इंग्रजीत आहे आणि अक्षर इतके बारीक की माझ्या पुतण्याने ते मला वाचायला आणून दिले आणि मी भिंग शोधले. ज्या वस्तूचे निम्म्याहून अधिक गिऱ्हाईक खेड्यापाड्यांत जनावरांच्या गोठ्याशी उभे राहून ती वापरते, तिच्यासोबत मराठीत एक पान येऊ नये हे मला पटत नाही. बंद गाडीत जार नेताना काच खाली ठेवावी, नाहीतर नायट्रोजन हवेतल्या प्राणवायूची जागा घेतो, ही सूचना तर ठळक अक्षरांत आणि पहिल्या ओळीत हवी होती. ती सहाव्या पानावर आहे.

सर्वांत मोठा मनस्ताप जारने नव्हे, विक्रेत्याने दिला. आम्हाला मिळालेला पहिला नग सदोष होता. भरल्यावर तासाभरात त्याच्या खांद्यावर दव जमले आणि सकाळी तिथे पांढरे दहिवर दिसले. याचा अर्थ एकच: मान आणि भांडे यांच्या सांध्यातून हवा आत गेली होती आणि निर्वात संपले होते. मान फायबरची आणि भांडे ॲल्युमिनियमचे, दोन्ही थंडीत वेगवेगळ्या प्रमाणात आक्रसतात, त्यामुळे हा चिकटवलेला सांधा या बांधणीतली सर्वांत नाजूक जागा आहे. वाहतुकीत जार आडवा पडला किंवा आपटला की लटकलेल्या आतल्या भांड्याचा सगळा झोक तिथेच येतो. तो जार तीन दिवसांत रिकामा झाला. विक्रेत्याचे म्हणणे होते की सोलापूरच्या उन्हात असे व्हायचेच. मी त्याला वजनांची वही दाखवली, पुतण्याने त्याच्या सहकाऱ्याचा जुना पण धड जार शेजारी ठेवून दाखवला, तरी बदली नग यायला सहा आठवडे लागले. ‘काका, तुम्ही त्याला फोनॉन समजावू नका, नुसते बिल दाखवा,’ असे पुतण्या म्हणाला, आणि अखेर काम त्यानेच झाले.

दुसरा नग मात्र दीड वर्ष बिनतक्रार चालला आहे. मंगळवेढ्याच्या रस्त्यावर मोटारसायकलला मागे बांधून जाणाऱ्या जारसाठी हे थोडे नाही. पुतण्याने त्याच्याखाली सायकलच्या ट्यूबची चुंबळ केली आहे आणि जार कायम उभाच ठेवतो. बूच नव्या दांड्यावर बसवून घेतले, पिशवी चादरीच्या जाड कापडातून पुन्हा शिवून घेतली, आणि ती मूळ पिशवीपेक्षा दिसायलाही बरी आहे. कृत्रिम रेतनाचे काम करणाऱ्यांनी आणि शाळा-महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांनी हा जार जरूर घ्यावा, असे माझे मत आहे. घरगुती हौसेसाठी मात्र घेऊ नये. जार परवडेल, पण नायट्रोजन भरून देणारा जवळ हवा आणि दर तीन आठवड्यांनी तिथे जाण्याचा उत्साहही.

वापरलेला जार स्वस्तात मिळत असेल तर विकणाऱ्याच्या समोर तो भरावा, पहिल्या दिवसाचे वजन हिशेबात धरू नये, कारण भरल्याबरोबर मान आणि आतले भांडे स्वतः थंड होताना बराच नायट्रोजन उडवतात. दुसऱ्या, तिसऱ्या आणि चौथ्या दिवशी एकाच वेळी वजन करावे. रोजची घट शंभर ग्रॅमच्या आत आणि तिन्ही दिवस सारखी असेल तर व्यवहार करावा. दीडशेच्या वर असेल किंवा रोज वाढत असेल, तर किंमत कितीही कमी सांगितली तरी जार तिथेच ठेवून परत यावे.